मदत हवी आहे: उसाच्या ट्रॉलीला दुचाकी धडकली, १०८ येईपर्यंत काय करायचं?

काळीमाती:
गाळप सुरू झालं की सोलापूर-पुणे हायवेवर रात्री बिनरिफ्लेक्टरच्या ट्रॉल्या उभ्या असतात आणि मागून दुचाकी घुसते. मोहोळच्या बाजूला ढाब्यांवरच्या, पंपावरच्या पोरांना शिकवायचंय. तीन गोष्टींवर एकमत होत नाही. हेल्मेट काढायचं का? रक्त थांबवायला दोरी आवळायची का? आणि जीप मिळाली तर न्यायचं की थांबायचं?

रात्रपाळी:
आधी आपली पोरं सांभाळा. एकाने टॉर्च घेऊन बरंच मागे, रस्त्याच्या कडेला उभं राहून गाड्या हळू करायच्या. दुसऱ्याने १०८ लावायचा आणि किलोमीटरच्या दगडावरचा आकडा, सोलापूरकडची लेन की पुण्याकडची, जखमी किती, कोणी अडकलंय का, एवढं सांगायचं. फोन आपणहून ठेवायचा नाही.

मग रक्त. भळाभळा वाहत असेल तर श्वास बघण्याच्याही आधी, कारण मांडीची मोठी धमनी तुटली तर माणूस काही मिनिटांत जातो. जखम खोल असेल तर स्वच्छ सुती कापड बोटाने तळापर्यंत ठासा. वर टॉवेलची घडी ठेवा, कोपर ताठ करा आणि अंगाचं वजन टाकून दाबा. घड्याळ लावून १० मिनिटं. लोक दर अर्ध्या मिनिटाला उचलून बघतात आणि नुकती धरलेली गुठळी निघते.

हातापायाचं रक्त दाबूनही थांबत नसेल तर टूर्निकेट, म्हणजे रक्त थांबवायला आवळायचा रुंद पट्टा. सुतळी, क्लचवायर अजिबात नको. बारीक वस्तू कातडीत रुतते, शिरा दाबल्या जातात पण खोलवरची धमनी चालूच राहते, म्हणजे रक्त उलट वाढतं. तयार टूर्निकेट नसेल तर उपरण्याची ४-५ सेंमी रुंद घडी घ्या. जखमेच्या वर ५ ते ७ सेंमी, सांधा सोडून गुंडाळा. अर्धी गाठ, त्यावर जाड काठी, पुन्हा गाठ, मग रक्त थांबेपर्यंत पीळ द्या आणि काठी बांधून टाका. पेशंट ओरडेल, दुखतंय म्हणून सैल करायचं नाही. बांधल्याची वेळ मार्करने कपाळावर लिहा.

स्ट्रेचर:
हेल्मेट: शुद्धीत आहे, नीट बोलतोय, तर राहू द्या, फक्त काच वर करा. श्वास घोरल्यासारखा येतोय, उलटी होतेय किंवा श्वासच नाही, तर काढावंच लागतं, पण दोघांनी. पट्टा कापा. एकाने एका हाताने जबडा आणि दुसऱ्या हाताने मानेची मागची बाजू धरून डोकं स्थिर ठेवायचं. दुसऱ्याने हेल्मेटच्या कडा बाहेर ताणून, नाक सुटेल इतकं तिरकं करत ओढायचं. नंतर हनुवटी वर उचलू नका, जबड्याचे कोपरे पुढे ढकला. उलटी आली तर डोकं, खांदे, कंबर एकाच वेळी कुशीवर वळवा.

सोलापुरी चादर मात्र प्रथमोपचाराच्या पेटीत हवीच. कंबरेचं हाड मोडल्याचा संशय असेल तर वीतभर रुंद पट्टा करून करकचून बांधा, पण पोटावर नव्हे. मांडीच्या हाडाचा उंचवटा बाजूला हाताला लागतो, त्या पातळीवर. गुडघेही एकत्र बांधा. वर बांधलेला पट्टा काहीच धरत नाही, ही चूक फार होते.

दुसरी चादर अंगावर. रक्त गेलेला माणूस गार पडला की रक्त गोठत नाही. मे महिन्यातही पांघरूण घाला, आणि दुपार असेल तर आधी अंगाखाली घडी सरकवा. तापलेल्या डांबराने पाठ भाजते. पाणी, चहा काहीही पाजू नका. घुसलेली सळई उपसू नका, दोन्ही बाजूंनी कापडाने टेकवून ठेवा.

काळीमाती:
जीपचं राहिलं.

रात्रपाळी:
आग किंवा वाहती गाडी अंगावर येण्याचा धोका नसेल तर थांबा.

स्ट्रेचर:
इथे थोडं वेगळं सांगतो. पोट फुगतंय, कडक होतंय, रंग पांढरा पडतोय, मनगटाची नाडी लागत नाही, म्हणजे रक्त आत जातंय. ते दाबून थांबत नाही, ऑपरेशनच लागतं. १०८ ला उशीर असेल तर त्यांना सांगून टेम्पोत आडवं झोपवा, डोक्याच्या दोन्ही बाजूंना टॉवेलच्या गुंडाळ्या लावा आणि सिव्हिल गाठा. जीपच्या सीटवर दुमडून बसवू नका.

रात्रपाळी:
हे मान्य. आणि पोलिसांच्या भीतीने पोरं मागे सरत असतील तर त्यांना मोटार वाहन कायद्याचं कलम १३४अ वाचून दाखवा. २०१९ च्या दुरुस्तीत ते आलं. सद्भावनेने मदत करणाऱ्यावर कारवाई होत नाही आणि नाव सांगण्याचीही सक्ती नाही.