नोकरदारांचा ऑनलाइन पदव्युत्तर कोर्स: उसाचं गाळप सुरू झालं की तास ओस

समन्वयक_कोल्हापूर: कृषी-व्यवसाय व्यवस्थापनाचा दोन वर्षांचा ऑनलाइन कोर्स आहे, ८० क्रेडिटचा. ४२ विद्यार्थी, सगळे नोकरीतले. निम्मे साखर कारखान्यांच्या शेती खात्यातले. बाकी शेती-औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, दूध संघाचे, बँकांचे कृषी अधिकारी. जुलैत रात्री आठच्या तासाला ३५ जण, नोव्हेंबरात १०. मूडलवर (आमची ऑनलाइन वर्गाची प्रणाली) लॉगिन दिसतं, असाइनमेंट मात्र येत नाही. सत्र पुढं ढकलावं का? आणि प्रात्यक्षिक कसं घ्यायचं?

शिवारफेरी: ढकलू नका. कारखानावाला नोव्हेंबर ते मार्च तोडणीत, औषधवाला जून ते सप्टेंबर फिरतीवर, बँकवाला मार्चअखेरीत. एकाला मोकळं केलं की दुसरा अडकतो. आधी तासांचा हिशोब मांडा: एक क्रेडिट ३० तासांचं, म्हणजे एकूण २४०० तास, आठवड्याला २३. नोकरी करून कुणाला झेपतंय राव? हा आकडा प्रवेशावेळीच सांगा आणि विद्यापीठाच्या कमाल मुदतीत बसत असेल तर तीन वर्षांचा आराखडाही तयार ठेवा. रात्री आठचा तास बंदच करा; त्या वेळी कारखान्याचा माणूस गट ऑफिसात उद्याच्या तोडणीचं बघत असतो. १०-१२ मिनिटांचे रेकॉर्ड केलेले भाग द्या, शंकांना पंधरवड्यातून एक तास.

मूडलकर: लॉगिन आहे आणि असाइनमेंट नाही, तर ती बहुतेक फोनातच पडून असेल. ॲपमध्ये रेंज नसताना भरलेलं सिंक होईपर्यंत (म्हणजे फोनातून वर पाठवलं जाईपर्यंत) सर्व्हरवर येत नाही, आणि ‘फक्त वाय-फायवर सिंक’ चालू असेल तर शिवारात ते आपोआप होणार नाही.
नोकरीप्रमाणे गट पाडा आणि ग्रुप ओव्हरराइडनं (एकेका गटापुरती सेटिंग बदलायची मूडलमधली सोय) देय तारीख वेगळी द्या. एक नाव दोन गटांत टाकू नका, असाइनमेंटला यादीत वर असलेलीच तारीख लागते. चाचणी ऑफलाइन सोडवू द्यायची असेल तर वेळमर्यादा काढावी लागते. व्हिडिओ फाइल म्हणून चढवा. यूट्यूबची लिंक ॲपमध्ये डाउनलोड होत नाही. ५०० केबीपीएसला दहा मिनिटांचे ३७-३८ एमबी होतात, नुसता आवाज ६४ केबीपीएसला पाचच्या आत.

ब्रिक्सवाला: प्रात्यक्षिक ज्याच्या त्याच्या कामातच घ्या. ऊसवाल्यांना पक्वता तपासणी: हँड रिफ्रॅक्टोमीटर (रसाचं ब्रिक्स, म्हणजे त्यात विरघळलेल्या घटकांचं, मुख्यतः साखरेचं प्रमाण दाखवणारं हातातलं यंत्र) डिस्टिल्ड पाण्यानं शून्यावर आणायचा, फडात आत शिरून पाच ठिकाणचे ऊस घ्यायचे (बांधाकडेचे नकोत), प्रत्येकाचा बुडखा, मध्य आणि शेंड्याचा रस वेगळा बघायचा. शेंड्याचं ब्रिक्स भागिले बुडख्याचं ब्रिक्स एकाच्या जवळ आलं की ऊस पक्व. घोळ इथंच होतो: कुणी फक्त मधल्या कांडीचं ब्रिक्स लिहितो, कुणी दोन दिवस पडलेला ऊस तपासतो. वाळल्यानं ब्रिक्स खोटं चढतं. आधीच्या रसाचा थेंब काचेवर राहिला तरी आकडा फसतो. म्हणून तिन्ही आकडे, तोडल्याची वेळ आणि यंत्राच्या काचेतून दिसणाऱ्या रेषेचा फोटो मागा. नुसता तक्ता घेऊ नका, तो घरी बसून भरता येतो.

नियमवाला: यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) २०२० च्या नियमांत शेती आणि फलोत्पादनाचे अभ्यासक्रम ऑनलाइन चालत नाहीत. कोर्स व्यवस्थापनाचा आहे तोवर ठीक. जाहिरातीत ‘ऑनलाइन एम.एस्सी. ॲग्री’ छापलंत तर अंगलट येईल.

समन्वयक_कोल्हापूर: सिंकचं आजच सगळ्यांना तपासायला सांगतो. रिफ्रॅक्टोमीटर माणशी एक लागेल का?

ब्रिक्सवाला: नाही, पाच जणांत एक पुरतो. फक्त प्रत्येकानं आपल्या हातात आला की शून्य पुन्हा बघायचा.