बँकॉकमध्ये पळलेले कोण कोण आहेत?

सप्टेंबरात ऑफिसच्या कामाने आठ दिवस बँकॉकला चाललेय. जानेवारीच्या मुंबई मॅरेथॉनची तयारी सुरू आहे, खाडा करायचा नाही. कुठे पळायचं, किती वाजता, सोबत काय न्यायचं? तिथे प्रत्यक्ष पळलेल्यांनीच लिहा. मसाज आणि खरेदीबद्दल सांगणारे घरात पुष्कळ आहेत.

*

मी पुण्याचा. वेताळ टेकडीच्या कोरड्या हवेत पळणारा माणूस, त्यामुळे दमट हवा मला फक्त ऐकून माहीत होती. मे महिन्यात पहाटे पाचला हॉटेलबाहेर पाऊल टाकलं आणि चष्म्यावर वाफ धरली, कुकर उघडल्यावर धरते तशी.

लुंपिनी पार्क साडेचारला उघडतं. आतली फेरी अडीच किलोमीटरची, सपाट, झाडाखालून. मी आपला पुण्याच्या वेगाने सुटलो. पहिली फेरी झकास. दुसऱ्या फेरीत घड्याळ १७२ ठोके दाखवू लागलं. तिसऱ्या फेरीत बुटांतून पचक पचक आवाज यायला लागला, आणि पाऊस तर पडलाच नव्हता! तेवढ्यात साठी ओलांडलेल्या एक बाई मला मागे टाकून गेल्या. त्यांना घामसुद्धा बेताचाच आला होता.

घाम आला की अंग गार होतं, हा माझा समज. प्रत्यक्षात तो वाळला तर गार होतं. तिथल्या हवेत आधीच एवढी वाफ असते की घाम वाळतच नाही, नुसता ठिबकतो. मग अंग थंड ठेवायला हृदय कातडीकडे जास्त रक्त ढकलत बसतं आणि पायांचा वाटा कमी होतो. दुसऱ्या दिवसापासून घड्याळातला वेग बघणंच सोडलं. किलोमीटरला मिनिटभर जास्त लागलं, पण पळून झाल्यावर नाश्ता तरी गेला.

*

संध्याकाळी पळणार असशील तर सहाची वेळ लक्षात ठेव. कर्ण्यांवर राष्ट्रगीत लागतं, सकाळी आठलाही लागतं. मला कुणी सांगितलं नव्हतं. कानात इअरफोन घालून चालले होते, आणि समोरचे काका एकदम थबकले. त्यांच्या पाठीवर आदळता आदळता वाचले. पाहते तर अख्खा रस्ता उभा! घड्याळ थांबवायला हात उचलला आणि तसाच खाली घेतला. आपल्याला किती घाम येतोय ते त्या मिनिटभरात कळलं. कोपरावरून थेंब पडून पायाशी चांगलं थारोळं झालं होतं. गीत संपल्यावर काका काही झालंच नाही असे पुढे निघाले.

*

घोरपडींबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही? लुंपिनीच्या तळ्याकाठी नारळाचा ओंडका पडलाय असं वाटलं, तर ओंडक्याने जीभ बाहेर काढली. पाणघोरपड, माझ्याहून लांब असेल. काही करत नाहीत, आपण वळसा घालून जायचं. यशवंतीची गोष्ट ऐकून वाढल्यामुळे मला भलताच हुरूप आला आणि ऑफिसात हौसेने तिचं थाई नाव घेतलं. ते नाव म्हणजे तिकडची कडक शिवी निघाली.

*

तीन वर्षं इथेच राहतेय. अंग या हवेला सरावायला दहा ते चौदा दिवस लागतात, तुझ्याकडे आठच आहेत. तेव्हा लांब पल्ला मुंबईलाच कर, इथे फक्त पाय हलते ठेव. लुंपिनीचा कंटाळा आला तर उंचावरच्या हिरव्या पुलाने बेंजाकिट्टी पार्कला जा, सव्वा-दीड किलोमीटर आहे. जुन्या तंबाखू कारखान्याच्या जागेवर पाणथळ जंगल केलंय, २०२२ मध्ये खुलं झालं, आणि त्यावरून पायवाटा काढल्यात. फुटपाथवर मात्र पळू नकोस. सुट्या फरशीवर पाय पडला की खालचं काळं पाणी पोटरीपर्यंत उडतं, आणि स्कूटरवाले तिथूनच येतात. इलेक्ट्रालची पाकिटं घरून आण. मांड्या घासतात, व्हॅसलिन विसरू नकोस. सप्टेंबरात संध्याकाळचा पाऊस धरूनच चाल.

*

बुटांचे दोन जोड ने, बाकी काही विसरलीस तरी चालेल. मी एकच नेला. एसी खोलीत रात्रभर ठेवूनही सकाळी ओलाच. हेअर ड्रायर लावला, तो तापून बंद पडला. कागद कोंबायला वर्तमानपत्र नव्हतं म्हणून टेबलावरचं पर्यटनाचं चकचकीत मासिक फाडलं, त्याने काय पाणी शोषतंय! परतीच्या विमानात तो जोड दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गाठ मारून पायाशी ठेवला होता. तरी शेजारच्या काकूंनी जागा बदलून घेतली.