डिझेल गाडीत १२ लिटर पेट्रोल पडलं, सेल मारलेला नाही. पुढे काय?

जिंतूर_परभणी
गाडी बीएस-६ डिझेल, कॉमन रेल इंजिन (एकाच जास्त दाबाच्या नळीतून, म्हणजे रेलमधून, सगळ्या इंजेक्टरना डिझेल जातं), टाकी ५० लिटरची. आधीचं साधारण ८ लिटर डिझेल होतं, वरून १२ लिटर पेट्रोल पडलं. चावी फिरवलेली नाही, गाडी जिंतूर रोडवरच्या पंपाच्या कडेला ढकलून लावली आहे. इथला मिस्त्री म्हणतो, वरून डिझेलनं टाकी फुल्ल करा, काही होत नाही. करावं का? आणि काढलेलं मिश्रण ट्रॅक्टरला चालेल का?

रेल_प्रेशर
अजिबात नका करू, भाऊ. टाकी फुल्ल केली तरी ५० मध्ये १२, म्हणजे २४ टक्के पेट्रोल राहतं. तुमच्या इंजिनात हाय प्रेशर पंपाला वेगळं ऑइल नसतं, डिझेलच त्याचं वंगण. पेट्रोल पातळ आणि कोरडं, ते डिझेलचा थर धुऊन काढतं. मग १६००-२००० बार दाबाखाली धातूवर धातू घासतो आणि त्याचा चुरा रेलमधून इंजेक्टरच्या केसाएवढ्या छिद्रांत जाऊन बसतो. तसं झालं तर पंप, रेल, इंजेक्टर सगळं काढावं लागतं, लाइनही धुवाव्या लागतात. खर्च तिथं वाढतो, टाकी रिकामी करण्यात नाही.

सेल मारला नाही हे फार चांगलं केलंत. आता चावी 'ऑन'लाही नेऊ नका, कारण बऱ्याच गाड्यांत नुसत्या 'ऑन'वर टाकीतला इलेक्ट्रिक पंप सुरू होऊन मिश्रण फिल्टरपर्यंत ढकलतो. स्टेअरिंग लॉक सोडवायला पहिला टप्पा पुरे. बटण स्टार्ट असेल तर बॅटरीची निगेटिव्ह तार आधी काढून घ्या. परभणीला न्यायची झाली तर टो गाडीवर चढवूनच. विम्यात रस्त्यावरच्या मदतीचं कलम असेल तर चुकीचं इंधन त्यात धरलंय का ते वाचा आणि पंपाची पावती जपा, तिच्यावर इंधनाचा प्रकार असतो.

फिल्टर_हाउसिंग
टाकी रिकामी करताना तिच्या तोंडातून नळी घालून तोंडानं ओढायला जाऊ नका. बऱ्याच गाड्यांत फिलर नळीतच झडप असते, नळी आत जात नाही. शिवाय पेट्रोल फुफ्फुसात गेलं तर जीवावर बेततं. मागची सीट उचलून पंप मॉड्यूल (टाकीतला इंधन पंप बसवलेला भाग) उघडायचं, नाहीतर टाकी खाली उतरवायची.

काम उघड्यावर, सावलीत करा. सर्व्हिस पिटवर नको: पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, खड्ड्यात साचते आणि सध्याच्या उन्हात ती भराभर निघते. साधा ड्रिल-पंप किंवा व्हॅक्यूम क्लीनर लावू नका, ठिणगी पुरते. २० लिटर निघेल, तेवढे धातूचे डबे हाताशी ठेवा.

तळ पुसला की २-३ लिटर स्वच्छ डिझेल टाकून हलवा आणि तेही काढा. मग फिल्टर नवा, १० लिटर डिझेल. इंधनाच्या लाइनवर हातानं दाबायचा छोटा पंप असेल तर तो कडक होईपर्यंत दाबा, म्हणजे लाइनमधली हवा निघते. नसेल तर चावी 'ऑन' दहा सेकंद, 'ऑफ', असं तीन-चार वेळा. एअर न काढता सेल मारत बसलात तर पंप कोरडा फिरतो, म्हणजे पेट्रोलनं झालं नाही ते नुकसान तुम्हीच कराल.

जिंतूर_परभणी
सेल मारून थोडी चालवली असती तर?

रेल_प्रेशर
खडखड आवाज, पिकअप पडणं, धूर. लक्षात येताच बंद करायची. मग जुना फिल्टर कापून आतली घडी पांढऱ्या कपड्यावर पुसा: चांदीसारखी चमक दिसली तर पंप गेला समजा. चमक नसेल तर रेल आणि लाइन धुऊन पुढं जाता येतं.

शेत_डिझेल
ट्रॅक्टरला नको. तिथला पंपही डिझेलवरच वंगण घेतो, आणि पेट्रोल उशिरा पेटत असल्यानं इंजिन ठोकतं. मोटारसायकलला टाकलं तर डिझेलनं प्लग काळा पडतो. नाल्यात, बांधावर ओतू नका. वर्कशॉपवाल्याकडे टाकाऊ इंधनाच्या डब्यात द्या.

एक जास्तीचं सांगतो. तुमची गाडी डीईएफ (धुरातले घातक वायू कमी करायला वेगळ्या टाकीत भरतात ते द्रव) घेणारी असेल तर निळ्या झाकणाकडे लक्ष ठेवा. डीईएफ म्हणजे ३२.५ टक्के युरिया आणि बाकी पाणी. ते डिझेलच्या टाकीत गेलं तर पेट्रोलपेक्षा वाईट: युरियाचे खडे जमतात, लोखंड गंजतं. तिथं फिल्टर बदलून भागत नाही, सेल मारला नसला तरी टाकी उतरवून धुवावीच लागते.