साधं विणकाम आणि त्याचे फोटो: तुमचे अनुभव लिहा

दादर
मुंबईत थंडी नाही मग लोकर कशाला, हे विणणाऱ्या प्रत्येकीने ऐकलेलं असतं. पण बाळंतविडा आला की टोपडं-मोजे लागतातच, रुखवतात क्रोशाचा रुमाल हवा असतो, दाराला लोकरीचं तोरण असतं, आणि संक्रांतीला वाण म्हणून क्रोशाचे कोस्टर देणाऱ्या बायका मी आमच्या बिल्डिंगमध्येच बघते. म्हणून म्हटलं सगळ्यांनी लिहूया. अट एकच, वस्तू साधी हवी, म्हणजे सुलट-उलट हे दोन मूळ टाके येणाऱ्या कुणालाही वाचून करता आली पाहिजे. आणि फोटोबद्दलही लिहा, कारण इतकं छान विणलेलं असतं आणि फोटोत नुसता रंगाचा गोळा दिसतो, टाका दिसतच नाही, मला याचं फार वाईट वाटतं. हाताने केलेल्या वस्तूचा जीव टाक्यात असतो, तोच दिसला नाही तर दुकानातली मशीनची टोपी आणि ही टोपी यात बघणाऱ्याला फरक कसा कळणार?

गिरगाव
मी बाळाच्या टोपीचं लिहिते, कारण नवीन शिकणाऱ्या मुलींना मी स्कार्फऐवजी हीच करायला सांगते. स्कार्फ संपता संपत नाही आणि मग सुया कपाटात जातात. टोपी पटकन होते, आणि ती घालणारं बाळ घरात नाहीतर शेजारी कुठेतरी असतंच.

सुई ८ नंबर, म्हणजे ४ मिमी, आणि मध्यम जाडीची मऊ लोकर. ७२ टाके घालायचे. आधी २ सुलट २ उलट असं दीड इंच, ही झाली पट्टी, ती ताणली जाते म्हणून डोक्याला नीट बसते. मग एक ओळ सुलट एक ओळ उलट असं पट्टीसकट चार इंच होईपर्यंत. आता घटवायचं. ६ सुलट आणि २ एकत्र, असं ओळभर, टाके राहतात ६३. उलटी ओळ तशीच साधी. पुढच्या सुलट ओळीत ५ सुलट आणि २ एकत्र, राहिले ५४. असं प्रत्येक सुलट ओळीत ९ टाके कमी होत जातात, शेवटी सुईवर ९ च उरतात, त्यातून दोरा ओवून घट्ट ओढायचा आणि त्याच दोऱ्याने पाठीमागची शिवण घालायची. नऊच्या नऊ रेघा वर एका ठिकाणी मिळालेल्या दिसतात, मला तो भाग इतका आवडतो की मी टोपीचा फोटो समोरून काढतच नाही, वरूनच काढते.

आपल्या हवेला मी बाळासाठी सुती धागाच वापरते, लोकर फक्त महाबळेश्वर-नाशिककडे जाणाऱ्यांसाठी. सुती धागा ताणला जात नाही तेवढा, त्यामुळे पट्टी जरा सैल राहते, म्हणून पट्टीपुरती एक नंबर बारीक सुई घ्यायची. आणि गळ्याशी बांधायच्या नाड्या लावू नका कृपया, गोंडे छान दिसतात पण तान्ह्या बाळाच्या गळ्याशी दोरी नको. हातमोजे केलेत तर उलटे करून आतून बघा, सुटा धागा राहिला असेल तर तो बाळाच्या बोटाला गुंडाळला जातो आणि रडण्याचं कारण कुणालाच कळत नाही.

बोरिवली
माझं विणकाम लोकलमध्येच होतं, चर्चगेटला जाताना, लेडीज डब्यात बसायला मिळालं तर. सरळ लांब सुया गर्दीत नकोच, शेजारणीच्या कोपराला लागतात, त्यामुळे मधे वायर असलेली गोल सुई घेतलीय, तिच्यावर सरळ पट्टीसुद्धा विणता येते आणि सगळं वजन मांडीवर राहतं. पॅटर्न असा पाहिजे की मान खाली न घालता जमला पाहिजे. म्हणून प्रत्येक ओळ सुलटच. ३० टाके, सगळं सुलट, मफलर. दोन्ही बाजू सारख्या दिसतात आणि कडा अजिबात वळत नाहीत. स्टेशन आलं की ओळ अर्धी सोडून पिशवीत टाकते, गोल सुईवरून टाके सुटत नाहीत. डब्यातल्या दोघीजणी बघून बघून शिकल्या, आता एक माझ्यापेक्षा जास्त सफाईने विणते, मनापासून आनंद होतो तिचं काम बघून.

मुलुंड
बोरिवलीच्या ताईंनी कडांचं लिहिलंय त्यावरून. खूप जणी विचारतात की एक ओळ सुलट एक उलट विणलं की कडा का वळतात. तुमच्या हाताचा दोष नाहीये तो, त्या विणीचा स्वभावच तसा आहे, पुढच्या बाजूला सगळे सुलट आणि मागे सगळे उलट, दोन्हींचा ताण वेगळा त्यामुळे बाजूच्या कडा मागे वळतात आणि वर-खालच्या पुढे येतात. इस्त्री करून जात नाही. उपाय विणतानाच करायचा, चारही बाजूंना ४-५ टाके आणि ४-५ ओळी नुसत्या सुलट ठेवा, चौकट झाली की मधलं सपाट बसतं.

अजून एक, सुयांचे नंबर. आपल्याकडे जुने नंबर उलटे चालतात, आकडा मोठा तेवढी सुई बारीक. ८ म्हणजे ४ मिमी, १० म्हणजे सव्वातीन, १२ म्हणजे पावणेतीन. अमेरिकन पॅटर्नमध्ये ८ नंबर लिहिलेला असतो तो ५ मिमी, आपला ८ नाही. मिमी बघा, नंबर बघूच नका.

घाटकोपर
मी फोटोबद्दल लिहितो, बायको विणते आणि फोटो काढायचं काम माझं, प्रदर्शनाला द्यायचे असतात. आमचा वन रूम किचन आहे, एकच खिडकी कामाची आणि तिला ग्रिल. आता मुंबईतल्या कुठल्या खिडकीला ग्रिल नाही. ऊन आलं की वस्तूवर ग्रिलच्या सावल्या पडतात, उभ्या आडव्या, टोपीवर पट्ट्यांचं डिझाईन आहे असंच वाटतं. त्याला मी आईचं जुनं मलमलचं पांढरं पातळ खिडकीला एकेरी लावतो, दोन क्लिपा वर दोन खाली. ऊन गाळून येतं आणि सावल्या विरतात.

मग स्टूल खिडकीच्या बाजूला, खिडकीसमोर नाही. उजेड एका बाजूने आडवा आला पाहिजे, कारण टाका म्हणजे छोटासा उंचवटा, त्याला एका अंगाला उजेड आणि दुसऱ्या अंगाला बारीक सावली मिळाली की तो दिसतो. फ्लॅश समोरून मारला की ती सावलीच संपते आणि केबलची, म्हणजे वेणीसारख्या पिळाची, सुरेख वीणसुद्धा सपाट होऊन जाते. सावलीची बाजू फार काळी झाली तर तिकडे पांढरा कार्डशीट नाहीतर थर्माकोलचा तुकडा उभा करायचा, खिडकीचा उजेड त्याच्यावर आपटून परत येतो. तेवढं पुरतं, दिवे विकत घ्यायची गरज नाही.

ट्यूबलाईट बंद. हे मी घरात सगळ्यांना ओरडून सांगतो. खिडकीचा उजेड निळसर आणि पिवळा बल्ब असेल तर तो वेगळा, दोन्ही एकत्र पडले की लोकरीची एक बाजू एका रंगाची आणि दुसरी दुसऱ्या, मग ते मोबाईलमध्ये कितीही करेक्शन करा, जमत नाही.

फोन वस्तूच्या अगदी जवळ नेऊ नका. साधी लेन्स जवळून कडा ताणते, चौकोनी रुमाल फुगीर दिसतो. दोन पावलं मागे जा आणि दोनपट झूम करा. आणि बारीक रिबचं, म्हणजे सुलट-उलटच्या उभ्या पट्ट्यांचं, विणकाम असेल तर स्क्रीनवर कधी कधी पाण्यासारख्या लाटा दिसतात, त्या लोकरीत नसतात, टाक्यांच्या ओळी आणि कॅमेऱ्यातल्या ठिपक्यांच्या ओळी एकमेकांत अडकतात त्यामुळे तसं होतं. फोन जरासा तिरका केला की जातात.

पावसाळ्यात लोक म्हणतात उजेड नाही. मला तर जुलैचं ढगाळ आकाश सगळ्यात आवडतं, दिवसभर एकसारखा मऊ उजेड, पातळ लावायची पण गरज नाही.

माहीम
आईच्या क्रोशाच्या कामाचे फोटो मी काढतेय, तिच्या लग्नातल्या रुखवताचेसुद्धा. पिवळट पडलेत ते रुमाल पण एक खांब, म्हणजे क्रोशाचा उंच टाका, सुटलेला नाही. साखळी, मुका खांब, खांब, एवढ्या तीनच गोष्टींतून आख्खं कमळ केलंय तिने, आणि तिला नक्षी कागदावर लिहिता येत नाही, बोटांनाच पाठ आहे. म्हणून मी प्रत्येक रुमालाचा मधून बाहेर जाणारा क्रम कळेल असा जवळचा फोटो घेते, पुढे कुणाला करायचा असेल तर मोजून करता येईल. काळ्या कपड्यावर पांढरा रुमाल ठेवला की जाळीतली भोकं स्पष्ट मोजता येतात, हे सगळ्यात उपयोगी पडलं.

पण लाल रंगाचं कुणीतरी सांगा. आईने लाल लोकरीचं तोरण केलंय, फोटोत ते नुसतं पेटल्यासारखं दिसतं, टाकेच नाहीत.

घाटकोपर
माहीम, लाल आणि राणी रंगाला हे होतंच, फोनच्या कॅमेऱ्यात लाल पटकन भरून जातो आणि मग त्यातला कमी-जास्त फरक शिल्लक राहत नाही. तोरणावर बोट ठेवा, बाजूला सूर्याचं चिन्ह येईल, ते खाली ओढा, फोटो जरा अंधारा वाटेल इतकं. टाके परत येतील. पांढऱ्या लोकरीला याच्या उलट करायचं, कॅमेरा सगळ्याला मधला राखाडी करू बघतो म्हणून पांढरं मळकट दिसतं, तिथे सूर्य थोडा वर. काळ्याला खाली, नाहीतर काळं धुरकट येतं.

माहीम
आलं!! मण्यांच्या खालचे खांबसुद्धा दिसले. आईला दाखवलं, ती म्हणाली आता हे तोरण माझं वाटतंय. खूप खूप आभार दादा.

परळ
मला एका वेगळ्याच साध्या वस्तूबद्दल सांगायचंय. स्तनाच्या कॅन्सरमध्ये ज्यांचा स्तन काढावा लागतो त्यांच्यासाठी मऊ सुती धाग्याचे विणलेले स्तन करतात, त्याला निटेड नॉकर्स म्हणतात, अमेरिकेत सुरू झालं आणि आपल्याकडेही स्वयंसेवक बायका करून मोफत देतात. हलके असतात, ब्रामध्ये बसतात, धुता येतात, आणि सिलिकॉनच्या मानाने आपल्या घामाच्या हवेत खूपच सुसह्य. गोल विणून आत फायबर भरायचं, मापं ब्राच्या कपाप्रमाणे. वीण साधीच आहे पण ती अंगावरच्या व्रणाला लागणार असते त्यामुळे धागा खरखरीत चालत नाही आणि गाठ अंगाला लागेल अशी अजिबात नको. मी राहते तिथून टाटा हॉस्पिटल जवळ आहे, रोज पेशंट बघते रस्त्यावर, बाहेरगावाहून आलेले, म्हणून या कामाचं मला फार वाटतं. ज्यांना टोपी येते त्यांना हे येईल. करा.

दादर
परळच्या ताई, हे लिहिलंत खूप बरं झालं. मी धागा आणते या रविवारी.

लालबाग
पावसाळ्यात लोकर कशी ठेवायची ते कुणी लिहिलं नाही म्हणून. खऱ्या लोकरीला कसर लागते, अ‍ॅक्रिलिकला लागत नाही. आमच्याकडे खरी लोकर धुऊन पूर्ण वाळवून, मग बंद डब्यात कडुलिंबाच्या सुक्या पाल्यासोबत. वाळवणं महत्त्वाचं, इथल्या दमट हवेत वरून सुकलं वाटतं आणि आत ओल असते. दोरीवर टांगू नका, ओल्या लोकरीच्या वजनाने स्वेटर गुडघ्यापर्यंत येतो, टॉवेलवर आडवा पसरा पंख्याखाली. खऱ्या लोकरीला गरम पाणी आणि घासणं दोन्ही नको, तंतू एकमेकांत अडकून आटते आणि मग काही केलं तरी परत मोठी होत नाही. अ‍ॅक्रिलिकवर गरम इस्त्री टेकवू नका, मरगळून चकचकीत होतं.

चेंबूर
मी क्रोशाचे चौकोन जोडून गोधडीसारखं पांघरूण करते, तेही साधंच, एक चौकोन आला की सगळं आलं. उरलेल्या लोकरीच्या छोट्या गुंड्या त्यातच संपतात. २०१६ साली चेन्नईत मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स या ग्रुपच्या बायकांनी असेच तुकडे जोडून तेव्हाचं जगातलं सगळ्यात मोठं क्रोशाचं पांघरूण केलं, ११,१४८.५ चौरस मीटर, गिनीजमध्ये नोंद झाली, आणि नंतर ते सुटं करून गरजूंना वाटून टाकलं. मला त्यातलं वाटून टाकणं सगळ्यात मोठं वाटतं.

प्रश्न असा की डबलबेडचं पांघरूण आमच्या घरात फोटोत मावत नाही, गच्चीवर पसरलं तर ऊन. काय करू?

घाटकोपर
गच्चीच चांगली काकू, फक्त सूर्य उगवायच्या आधी नाहीतर मावळल्यावर लगेच जा, तेव्हा सावल्या नसतात. पाण्याच्या टाकीच्या शिडीवर घरातल्या कुणा तरुणाला चढवा, फोन पांघरुणाला समांतर धरायला सांगा, नाहीतर खालची बाजू रुंद आणि वरची अरुंद येते. एक आख्ख्याचा आणि एक फक्त चार चौकोन जिथे मिळतात त्या कोपऱ्याचा, एवढे दोन पुरे. कोपऱ्याच्या फोटोत आपला हात येऊ द्या, चौकोन केवढा आहे ते लगेच कळतं. आणि फोटोआधी चिकटपट्टी उलटी करून बोटांना गुंडाळून सगळीकडून फिरवा, केस आणि कापसाचे तंतू उचलले जातात. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर ते त्याची साईज कमी करतं आणि टाके परत पुसट होतात.

चेंबूर
नातवाला सांगते शिडीवर चढायला. उद्या सहाला.