मुक्तिसंग्राम की मुक्ती संग्राम, जोडून का तोडून?

आमच्या परभणीत १७ सप्टेंबरचे बॅनर लागायलेत. काल बसस्टँडपासून घरी येईपर्यंत एकच शब्द तीन तऱ्हेनं वाचला. एकावर मुक्ती संग्राम असं तोडून, दुसऱ्यावर मुक्तीसंग्राम म्हणजे जोडून पण वेलांटी दीर्घ, तिसऱ्यावर मुक्तिसंग्राम. घरी आले तर भाचीची निबंधाची वही समोर. तिनं मुक्तिसंग्राम लिहिलेलं, त्यातल्या 'ति'भोवती लाल गोल आणि वर दीर्घ 'ती' काढून दिलेली. मावशी, माझं चुकलं का म्हणून विचारायली. तिचं काहीच चुकलेलं नाही, म्हणून इथं लिहायलेय.

मुक्ती एकटा असला की शेवट दीर्घ, पण तोच समासात पहिला आला की संस्कृतातली मूळ ऱ्हस्व परत येते, साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनाच्या नियमांतच आहे हे. कवी पण कविसंमेलन, बुद्धी पण बुद्धिवैभव, शक्ती पण शक्तिपीठ, आपल्या तुळजापूर-माहूरचं. नदी मुळातच दीर्घ, म्हणून नदीकाठ दीर्घच राहतो. म्हणजे प्रश्न नुसत्या मोकळ्या जागेचा नाही, जागा सोडली की वेलांटी बदलते. कृषी विद्यापीठ तोडून लिहितो तर दीर्घ, कृषिमंत्री जोडून तर ऱ्हस्व. त्या तीन बॅनरपैकी मधलं मुक्तीसंग्राम कुठल्याच हिशेबात बसत नाही, आणि भाचीच्या वहीत दुरुस्ती म्हणून नेमकं तेच दिलंय.

तोडून लिहिलेलं वेलांटीपुरतं बरोबर, तरी मला पटत नाही. मुक्तीसाठी संग्राम, तत्पुरुष आहे हा, मधला 'साठी' गेला की दोन शब्दांचा एक होतो आणि प्रत्यय पण एकदाच शेवटी लागतो, मुक्तिसंग्रामात. देश १५ ऑगस्ट १९४७ ला स्वतंत्र झाला आणि आपण निजामाच्या राज्यातून सुटलो १७ सप्टेंबर १९४८ ला, ते तेरा महिने आमच्या आजोबांनी काढलेले. ते मुक्तिसंग्राम एका दमात म्हणायचे, मधी थांबायचे नाहीत. माझ्या कानात तो एकच शब्द आहे.

— ताई, मग मराठवाडा पण जोडायचा का? आणि दिन?

— नाही दादा, मराठवाडा विशेषनाम, ते सुटंच राहू द्या. दिनाचं जरा अवघड आहे. स्वातंत्र्यदिन आपण जोडतो, त्या न्यायानं मुक्तिसंग्रामदिन व्हायला पाहिजे, कोणी तसं लिहिलं तर मी चूक म्हणणार नाही. पण एवढा लांब शब्द वाचताना, त्यातून बॅनरवर, डोळा अडखळतो, म्हणून मी मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन असंच लिहिते. भाचीच्या बाईंना नियम दाखवायला उद्या शाळेत जायलेय, वही घेऊनच. नांदेड-लातूरकडं पाट्यांवर काय लिहायलेत, बघून सांगा.