सेंट लुईसच्या मुलीची ओळख अजून का पटत नाही?

निशिगंध
अमेरिकेत फिलाडेल्फियात फेब्रुवारी १९५७ मध्ये खोक्यात मृतावस्थेत सापडलेल्या मुलाला डिसेंबर २०२२ मध्ये नाव मिळालं: जोसेफ ऑगस्टस झरेली. खुनाचा तपास अजून उघडा आहे, पण निदान नाव तरी मिळालं. सेंट लुईसच्या मुलीचं गाडं मग कुठे अडलंय? २८ फेब्रुवारी १९८३, क्लेमेन्स ॲव्हेन्यूवरच्या ओसाड इमारतीचं तळघर, ८ ते ११ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलीचा मृतदेह, अंगात फक्त पिवळा स्वेटर. प्रकरण २६ वर्षं अलीकडचं, डीएनएचं तंत्र तेच. तरी का नाही?

कातळ
कारण तिचं शिर कधी सापडलंच नाही. चेहरा नाही म्हणून रेखाचित्र नाही, दात नाहीत म्हणून दंतवैद्याकडच्या नोंदींशी पडताळणी नाही, एवढं सगळ्यांच्या लक्षात येतं. पण डीएनएच्या दृष्टीनेही हा मोठा फटका आहे. जुन्या अवशेषांत डीएनए सगळ्यात चांगला टिकतो तो दातांत आणि कानामागच्या, कवटीच्या तळाशी असलेल्या दगडासारख्या घट्ट हाडात. इथे दोन्ही नाहीत. फिलाडेल्फियाच्या मुलाची कवटी होती. १९९८ मध्ये त्याच्या दातातूनच मायटोकॉन्ड्रियाचा (फक्त आईकडून येणारा) डीएनए काढला होता.

उरतं ते मांडीचं हाड. त्याच्या मधल्या जाड भागाचा वरचा थर घासून टाकायचा, कारण हाताळणाऱ्यांचा डीएनए तिथेच असतो. मग गार ठेवून पूड करायची. दळताना हाड तापलं की उरलासुरला डीएनएही तुटतो. पुढे ईडीटीए या रसायनाने कॅल्शियम विरघळवायचं. एवढं करूनही हाती येतो त्या डीएनएत बहुतेक वाटा मातीतल्या जिवाणूंचा असतो आणि माणसाचे तुकडे अगदी आखूड. फिलाडेल्फियाच्या नमुन्यावर याच कामात अडीच वर्षं गेली.

शोधयात्री
कातळ यांच्याशी सहमत, पण डीएनए मिळाला म्हणजे नाव मिळालं असं नाही. अमेरिकी पोलिसांच्या कोडिस या डीएनए-यादीत डीएनएवरच्या २० जागा (२०१७ पूर्वी १३) तपासतात. त्यावर आईवडील किंवा सख्खं भावंड सापडतं, तेही त्यांनी नमुना दिला असेल तरच. दूरच्या नातलगांसाठी लाखो एसएनपी (डीएनएतले एकेका अक्षराचे फरक) लागतात आणि ते जेडमॅच किंवा फॅमिलीट्रीडीएनए या नातलग शोधायच्या संकेतस्थळांवर चढवावे लागतात. सख्ख्या चुलत-मावस भावंडांत साधारण ८६६ सेंटिमॉर्गन (समाईक डीएनए मोजायचं एकक) जुळतात, त्यांच्या मुलांमुलांत सुमारे २३०, आणखी एक पिढी खाली ७०-७५. तिथून वंशावळ उलटी रचत जायचं.

नेमकी इथे दुसरी भिंत. या संग्रहांत युरोपीय वंशाच्या लोकांचाच भरणा आहे. आफ्रिकन अमेरिकन कुटुंबांची कागदपत्रं १८७० च्या जनगणनेमागे बहुधा जातच नाहीत, कारण १८५० आणि १८६० च्या गुलामांच्या याद्यांत मालकाचं नाव आहे. गुलामांचं फक्त वय, लिंग आणि वर्ण. दूरचं नातं जुळलं तरी समाईक पूर्वज कागदावर सापडत नाही. मला तर शिर नसण्याइतकंच हे कारण मोठं वाटतं.

निशिगंध
आणि स्वेटर? त्यावरून काही मिळालं असतं ना?

कातळ
मिळालं असतं. खून दुसरीकडे करून तिला तिथे आणून टाकलं होतं, तळघरात फारसं रक्तच नव्हतं. म्हणून अंगावरचा कपडा आणि हात बांधलेली नायलॉनची दोरी हाच खरा पुरावा होता. दोन्ही वस्तू अतींद्रिय शक्तीचा दावा करणाऱ्या एका व्यक्तीकडे टपालाने पाठवल्या आणि त्या गहाळ झाल्या. आज त्या दोरीच्या गाठीतून, जिथे बोटांचा जोर पडतो तिथून, त्वचेच्या पेशी शोधता आल्या असत्या. याची चीड येते.

कबरही हरवली होती. १९८३ च्या डिसेंबरात वॉशिंग्टन पार्क दफनभूमीत पुरलं, पण तिथल्या नोंदी बेभरवशाच्या. शेवटी वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संगणक-दृष्टीच्या (संगणकाने चित्रांतून माहिती काढण्याच्या) संशोधकांनी दफनाच्या वेळचा फोटो घेतला, त्यात दिसणाऱ्या आणि आजही जागेवर असलेल्या थडग्यांवरून कॅमेरा कुठे होता ते गणिताने काढलं आणि तिथून खड्ड्याची जागा ठरवली. २०१३ मध्ये अवशेष मिळाले. हाडांतल्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याच्या हलक्या-जड अणूंच्या प्रमाणावरून) ती आग्नेय अमेरिकेत वाढली असण्याची शक्यता दिसली. पिण्याच्या पाण्यातला जड ऑक्सिजन प्रदेशागणिक बदलतो आणि हाडात उतरतो. यातून प्रदेशांचा पट्टा कळतो, गाव नाही.

शोधयात्री
तो धागा धरला तर शोध सेंट लुईसपुरता ठेवून चालणारच नाही. १९७२ ते १९७५ च्या सुमारास जन्मलेली, १९८३ नंतर कोणी पाहिलीच नाही अशी मुलगी हवी. बेपत्ताची तक्रार असेलच असं नाही. ‘आईकडे गेली’, ‘नातेवाइकांकडे ठेवली’ असं सांगून विषय मिटवलेला असू शकतो.

तिकडच्या अशा कुटुंबांशी कोणाची ओळख असेल तर त्यांना दोन गोष्टी सांगा. बेपत्ता मुलीच्या आईने, नाहीतर तिच्या भावंडांनी पोलिसांमार्फत गालाच्या आतून घासलेला नमुना द्यावा. आणि ज्यांनी ॲन्सेस्ट्री किंवा ट्वेन्टीथ्री-अँड-मीवर चाचणी केली आहे, त्यांनी मूळ डेटा उतरवून जेडमॅचवर चढवावा, कारण त्या दोन कंपन्या पोलिसांना आपल्या संग्रहात शोधू देत नाहीत. चढवताना पोलिस-शोधाला परवानगी देणारा पर्याय निवडायला विसरू नये. घरातल्या सगळ्यात वयस्क माणसाची चाचणी आधी करा. त्यांच्यात पूर्वजांचे तुकडे जास्त लांब उरलेले असतात.