मदत हवी आहे: क्रीम घट्ट करायला गवार गम की झॅन्थन गम?

नमस्कार मंडळी. आईच्या भेगाळलेल्या टाचांसाठी घरी क्रीम करते. पाणी, बदाम तेल, शिया बटर, ग्लिसरीन, वजनाने ६ टक्के इमल्सिफाइंग वॅक्स (इमल्सिफायर, म्हणजे तेल आणि पाणी एकजीव धरून ठेवणारं मेण) आणि प्रिझर्वेटिव्ह. थंडीत क्रीम छान राहतं, पण मे महिन्यात पातळ होऊन तळाशी पाणी सुटतं.

गम हा इमल्सिफायरला पर्याय नाही, हे माहीत आहे. तो पाण्याचा भाग दाट करतो, त्यामुळे तेलाचे थेंब लवकर वर येत नाहीत. म्हणून ०.३ टक्के झॅन्थन घातला. आधी ग्लिसरीनमध्ये कालवून घेतल्याने गुठळ्या अजिबात झाल्या नाहीत (ही युक्ती खरंच करून बघा). क्रीम फुटायचं थांबलं, पण हाताला बुळबुळीत लागतं आणि चोळताना त्याच्या वळ्या निघतात. आईला ते मुळीच आवडत नाही.

आता गवारीच्या बियांचा गम आणलाय. झॅन्थन निम्मा करून उरलेला गवार गम घातला तर बुळबुळीतपणा कमी होईल का? की गम तेवढाच ठेवून सेटिल अल्कोहोल (क्रीम घट्ट करणारा मेणासारखा पदार्थ) घालू? उन्हाळ्यात टिकलेलं कोणाचं प्रमाण असेल तर टक्केवारीसकट सांगाल का? प्रिझर्वेटिव्ह काढायचा सल्ला मात्र नको. पाणी असलेल्या क्रीममध्ये ती जोखीम मी घेणार नाही.